सातव्या महिन्यातल्या काळज्या: कोणत्या लगेच सांगाव्यात, कोणत्या थांबू शकतात?

निशिगंध (मुलुंड)

नमस्कार. माझे हे पहिलेच गरोदरपण आहे आणि सध्या 26 वा आठवडा चालू आहे. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी व्यवस्थित आली, रक्तदाब आतापर्यंत ठीक आहे, बाळाची वाढ तारखेप्रमाणे आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तरीही गेल्या काही आठवड्यांत मनात इतक्या शंका साठत गेल्या आहेत की रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोपेऐवजी त्याच येतात. आमच्या डॉक्टर स्वभावाने चांगल्या आहेत, परंतु त्यांच्या दाराबाहेर एवढ्या जणी ताटकळत बसलेल्या असतात की वजन, रक्तदाब आणि बाळाचे ठोके बघून होईपर्यंत मलाच उठायची घाई होते आणि विचारायचे ठरवलेले निम्मे तसेच राहून जाते.

सर्वांत मोठी काळजी रक्ताची आणि साखरेची आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.4 आले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण त्यांनी पोट साफ होत नाही आणि शौचाचा रंग काळा होतो, म्हणून त्या घेणे जिवावर येते. त्यातच ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर 152 निघाली आणि डॉक्टरांनी दोन आठवडे आहार सांभाळून पुन्हा तपासायला सांगितले. यातून घरात एक पेच उभा राहिला आहे. माझ्या सासूबाई फार मायेच्या आहेत. हिमोग्लोबिन कमी आल्याचे कळल्यापासून त्या रोज सकाळी भिजवलेले खजूर, दुपारी गूळ-शेंगदाणे आणि संध्याकाळी बिटाचा रस न चुकता माझ्या हातात देतात. रक्त वाढावे म्हणून हे सगळे खावे तर साखरेचे काय करायचे, आणि साखरेसाठी सोडावे तर रक्ताचे काय होणार, हे मला उमजत नाही. मे महिन्यात माहेरून हापूसच्या पेट्या आल्या होत्या, त्यामुळे तर हे झाले नसेल ना, हा विचारही पाठ सोडत नाही.

दुसरी काळजी बाळाच्या हालचालीची. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला आहे असे सोनोग्राफीत लिहिले आहे. काही दिवशी ऑफिसात दुपारपर्यंत मला काहीच जाणवत नाही आणि रात्री आडवी झाल्यावर मात्र बाळ चांगले फिरते. असे चालते का?

याशिवाय मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा रोजचा लोकल प्रवास कधीपर्यंत करावा, आणि पहिले बाळंतपण माहेरी या रीतीप्रमाणे चिपळूणला जावे की नाही, हेही ठरत नाही. ओटीभरण झाले की मी येईन असे आईने गृहीतच धरले आहे. यांपैकी कशासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाव घ्यावी आणि काय पुढच्या तारखेपर्यंत थांबू शकते, एवढे कोणी अनुभवाने किंवा माहितीने सांगू शकेल का?

दोन_मुलींची_आई (बोरिवली)

आधी प्रवासाचे सांगते, कारण दोन्ही वेळा मी आठव्या महिन्यापर्यंत लोकलने जात होते. तुमच्यासाठी ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी सर्वांत बरी, कारण मुलुंड तिचे पुढचेच स्थानक आहे आणि तिथे बसायला जागा मिळण्याची शक्यता कल्याणहून भरून येणाऱ्या जलद गाडीपेक्षा पुष्कळ जास्त असते. दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णांना आणि गर्भवती स्त्रियांनाही प्रवास करता येतो. पोट फारसे दिसत नसले तर कोणी हटकते, म्हणून डॉक्टरांचे पत्र पर्समध्ये ठेवावे. महिलांच्या डब्यात चढलात तर जागा मागायला अजिबात संकोच करू नका. कोणी आपणहून उठण्याची वाट बघत उभे राहण्यापेक्षा, "मला सातवा महिना आहे, थोडे बसू द्याल का?" असे स्पष्ट विचारले की बहुतेक वेळा एक सोडून दोघी जणी उठतात. रिकाम्या पोटी मात्र गाडीत चढू नये. गर्दीत चक्कर येण्यामागे बहुधा उपाशीपोटी निघणे, उकाडा आणि फार वेळ उभे राहणे यांपैकी काहीतरी असते.

ऑफिसात येण्याजाण्याची वेळ पुढेमागे करून मागा, आणि ती लेखी मागा. सकाळी एक तास उशिरा निघाल्याने प्रवासात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. पगारी प्रसूती रजा 2017 सालच्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली आहे आणि त्यांतले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. प्रवास झेपेनासा झाला तर त्यातला काही भाग आधी वापरा. सगळी रजा बाळासाठी राखून ठेवायची म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत ओढाताण करणाऱ्या मुली बघते तेव्हा मला फार वाईट वाटते.

डॉक्टरांशी बोलण्याबद्दल एकच सुचवते. प्रश्न वहीत लिहून न्या आणि खुर्चीत बसताच, तपासणी सुरू होण्याआधी, "मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत" असे सांगा. तपासणी झाल्यावर विचारू म्हटले की बाहेरच्या पुढच्या बाईचे नाव पुकारले जाते.

परळची_सिस्टर

महापालिकेच्या प्रसूतिगृहात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

तुझा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. अंगावरून रक्त जाणे, मग ते थोडे का असेना, आणि पाण्यासारखे काही अंगावरून जात आहे असे वाटणे, या दोन्हींसाठी वेळ न बघता निघायचे. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज येणे, ही सगळी रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात, आणि गरोदरपणात 140/90 किंवा त्याहून जास्त रक्तदाब कधीही घरी बसून बघायचा नसतो. हा रक्तदाब पुष्कळदा काहीही न जाणवता वाढतो, आणि म्हणूनच प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजतात व लघवीतली प्रथिने तपासतात. गर्दी आहे म्हणून ती तपासणी चुकवून कधी घरी जाऊ नकोस. ताप, लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, आणि 37 आठवडे पूर्ण होण्याआधी ठरावीक अंतराने पोट कडक होऊन सुटणे, यांसाठीही त्याच दिवशी जायचे.

एक लक्षण बायका हमखास अंगावर काढतात, ते म्हणजे खाज. पोटाची कातडी ताणली जाते म्हणून पोटावर खाज येणे साधे आहे, खोबरेल तेलाने बरे वाटते. पण अंगावर पुरळ नसताना तळहातांना आणि तळपायांना खाज सुटत असेल आणि ती रात्री वाढत असेल, तर यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावल्याने ती येत असू शकते. त्यासाठी यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी करावी लागते, कारण त्याचा बाळावर परिणाम होऊ शकतो. खाज कसली डॉक्टरांना सांगायची, असे म्हणून गप्प बसलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

याउलट संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर येणारी आणि रात्रीच्या झोपेने उतरणारी सूज, छातीत जळजळ, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, वास किंवा खाज नसलेला पांढरा स्राव, जिना चढताना लागणारी धाप, कूस बदलताना जांघेत उठणारी कळ, हे सगळे वहीत लिहून पुढच्या तारखेला सांगितले तरी चालते. धापेच्या बाबतीत मात्र तुझे हिमोग्लोबिन कमी आहे हे लक्षात ठेव. बसल्या जागी किंवा आडवे पडल्यावर धाप लागली किंवा छाती धडधडत राहिली तर थांबू नकोस.

आता हालचालीचे. वार पुढच्या बाजूला असली की बाळाची लाथ आणि तुझ्या पोटाची कातडी यांच्यामध्ये ती उशीसारखी येते, त्यामुळे बारीक हालचाल जाणवत नाही. शिवाय तू चालत-फिरत आणि कामात असताना बाळ बहुधा झोपते आणि तुझे लक्षही दुसरीकडे असते. दुपारपर्यंत जाणवले नाही आणि रात्री चांगले जाणवले, असे 26 व्या आठवड्यात असेल तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाल. साधारण 28 आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची आपली एक पद्धत ठरते, कोणते सकाळी जागे असते तर कोणते रात्री, आणि मग तुझ्या बाळाची जी नेहमीची पद्धत असेल तिच्याशीच तुलना करायची, मैत्रिणीच्या किंवा जावेच्या बाळाशी नव्हे. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर शांत पडायचे आणि हातातला मोबाइल बाजूला ठेवून लक्ष द्यायचे. दोन तासांत 10 हालचाली हा पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा हिशेब आहे. पण 10 भरल्या तरी बाळ नेहमीसारखे नाही असे तुझे मन सांगत असेल तर निघायचे. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. हालचाल कमी वाटली म्हणून मध्यरात्री आलेल्या एकाही बाईला आम्ही "उगीच आलीस" असे म्हटलेले नाही.

ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र हल्ली ऑनलाइन मिळते, ते घेऊ नकोस. वारेतल्या किंवा आईच्याच रक्तवाहिनीतल्या प्रवाहाचा आवाज बाळाचा समजून बायका निश्चिंत होतात आणि रुग्णालयात यायला उशीर करतात.

झोपेबद्दल दोन शब्द. 28 व्या आठवड्यानंतर कुशीवर झोपावे. जाग आल्यावर उताणी झोपल्याचे लक्षात आले तर घाबरायचे नाही, फक्त कूस बदलायची. परंतु जाग येण्याचे कारण पाठ किंवा लघवी नसून काळजी असेल, दिवसाही कशात मन लागत नसेल, रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर हिमोग्लोबिनइतक्याच स्पष्टपणे तेही डॉक्टरांना सांग. 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस फोन सेवा दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते. गरोदर बाईने आनंदीच असले पाहिजे असे सगळे म्हणत राहतात, आणि जिला तसे वाटत नाही ती मग कोणालाच काही सांगत नाही. हे मला नोकरीत सर्वांत जास्त खुपत आले.

आहारतज्ज्ञ_दादर

सिस्टरांनी तब्येतीचे नीट सांगितले आहे, त्यामुळे मी फक्त ताटाबद्दल लिहिते.

आधी हापूसचा विचार मनातून काढून टाका. गरोदरपणात वारेतून तयार होणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कामाला विरोध करतात. ज्यांचे शरीर त्या प्रमाणात जास्त इन्सुलिन तयार करू शकत नाही त्यांची साखर वाढते. म्हणूनच ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करतात. 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी 140 किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तुम्ही आंबे खाल्ले नसते तरी 24 आठवड्यांनंतर हा आकडा असाच आला असता, अशी दाट शक्यता आहे.

तुमचा पेच मात्र खरा आहे, आणि मुंबईतल्या मराठी घरांत तो मला वारंवार दिसतो. खजूर, गूळ आणि बीट यांनी रक्त वाढते ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्याविरुद्ध बोलले की घरातल्यांना वाईट वाटते. खजुरात आणि गुळात लोह असते, पण आपण समजतो तेवढे नसते, आणि साखर मात्र भरपूर असते. बिटात लोह कमीच. त्याचा रस काढला की चोथाही जातो. गरोदरपणात दिवसाला सुमारे 27 मिलिग्रॅम लोह लागते, तेवढे मूठभर खजुरातून मिळणे शक्य नाही. 9.4 हिमोग्लोबिन अन्नाने भरून निघत नाही, ते गोळीनेच वर येते. गरोदरपणात 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि 7 ते 9.9 या टप्प्याला मध्यम स्वरूपाचा म्हणतात. अशा वेळी रोजच्या 60 मिलिग्रॅम लोहाच्या गोळीचे प्रमाण डॉक्टर सहसा दुप्पट करतात. महिनाभर नियमित घेऊनही हिमोग्लोबिन साधारण 1 ने वाढले नाही, तर शिरेतून लोह देण्याचा विचार होतो, आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असल्याचे तपासले नसेल तर तेही तपासतात.

गोळी कशी घेता यावर तिचा निम्मा गुण अवलंबून आहे. ती चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. लोह दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर (साखर न घालता) आणि कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या खाण्याबरोबर, अशी विभागणी बहुतेकींना जमते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे रिकाम्या पोटी आणि या दोन्हींपासून चार तास लांब. शौचाचा काळा रंग लोहामुळेच येतो, त्यात काही वावगे नाही. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाज्या आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. तरी सोसत नसेल तर गोळीचा प्रकार बदलून मागा, पण बंद करू नका.

आता सासूबाईंच्या मायेला कुठे वाट करून द्यायची ते सांगते. त्यांना मोड आलेली मटकी आणि मूग करायला सांगा. मोड आल्याने कडधान्यांतले लोह शरीराला जास्त लागू पडते, आणि वरून लिंबू पिळले की आणखी. बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची किंवा लाल माठाची भाजी, भाजलेले चणे, हे रक्तालाही चांगले आणि साखरेलाही सोसणारे. सामिष खात असाल तर मटण, कोंबडी आणि मासे यांतले लोह सर्वांत सहज शोषले जाते. मोरी म्हणजे शार्क मात्र टाळावी, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा, मांदेली, बोंबील चालतात. गूळ-शेंगदाण्यांतले शेंगदाणे ठेवा आणि गूळ सोडा. अळीव लोहाने फार समृद्ध आहेत, पण आपल्याकडे ते बाळंतपणानंतर देतात आणि तेव्हाच द्यावेत.

साखरेसाठी पोळी-भात बंद करू नका. उपाशी राहिल्याने साखर आटोक्यात येत नाही, उलट शरीर चरबी जाळू लागते आणि ते बाळासाठी चांगले नसते. तीन मध्यम जेवणे आणि मधे दोन-तीन लहान खाणी अशी वाटणी करा. सकाळच्या वेळी साखर सर्वांत चटकन चढते, म्हणून न्याहारीला नुसते पोहे किंवा चहा-बिस्किटे नकोत. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, उकडलेले अंडे असे काही हवे, आणि पोहेच करायचे झाले तर ते थोडे घेऊन त्यांत मटकी व शेंगदाणे भरपूर घालावेत. फळ एका वेळी एकच, जेवणाला जोडून नाही, आणि रस तर कोणताच नको. आता चातुर्मास लागतो आहे म्हणून आवर्जून सांगते की साबुदाण्याची खिचडी ही साखर वाढवणारी सर्वांत जलद वस्तूंपैकी एक आहे. उपवास यंदा सोडावेत हे उत्तम. जेवणानंतर 15 मिनिटे चालण्याचा साखरेवर खरोखर परिणाम होतो, आणि पावसात बाहेर पडता येत नसेल तर सोसायटीच्या पॅसेजमध्ये चालले तरी चालते.

दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या आत आणि उपाशीपोटीची 95 च्या आत असावी असे बघतात. त्याहून जास्त आली आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सांगितले तर तुम्ही काही कमी पडलात असे मुळीच समजू नका. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. आटोक्यात नसलेली साखर मात्र जाते, आणि तिने बाळ प्रमाणाबाहेर मोठे होते व जन्मानंतर त्याची साखर एकदम उतरू शकते. बाळंतपणानंतर सहसा सगळे पूर्ववत होते, तरी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण पुढे मधुमेह होण्याची शक्यता अशा स्त्रियांत जास्त असते.

कांदिवलीकर

मी पुरुष असल्याने लिहावे की नाही असा विचार करत होतो, परंतु आमचे बाळ मागच्या ऑगस्टमध्ये झाले, त्यामुळे पावसाळ्यातल्या काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

साचलेल्या पाण्यातून चालू नका, आणि चालावेच लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुवा व त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) टाळण्यासाठी मुंबईत सर्वांना जी डॉक्सिसायक्लिनची गोळी सुचवतात ती गरोदर स्त्रियांना चालत नाही. त्यांना डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे दुसरे औषध देतात. म्हणून शेजाऱ्यांकडची गोळी घेऊ नये. मलेरिया आणि डेंग्यू यांसाठी मच्छरदाणी लावावी, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय अंगदुखीची दुसरी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या घरापासून रुग्णालयापर्यंत पाणी न तुंबणारा एक पर्यायी रस्ता आधीच ठरवून ठेवा. आमच्या बाजूला मालाड आणि अंधेरीचे भुयारी मार्ग पाण्याने बंद होतात, तसे तुमच्या बाजूलाही काही असेलच. 108 क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. फाइलमधल्या सर्व कागदांचे फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, रक्तगट ठळक लिहून ठेवा. तो आरएच निगेटिव्ह असेल तर 28 व्या आठवड्याच्या सुमाराला अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून ते देतात) आठवण तुम्हीच करून द्या.

तुमच्या यजमानांना माझी विनंती आहे की प्रत्येक तपासणीला त्यांनी जमेल तसे सोबत जावे. डॉक्टरांचे म्हणणे दोघांनी ऐकले की घरी येऊन बायकोला एकटीला सगळ्यांना समजावत बसावे लागत नाही. खजुराचे हे प्रकरण खरे तर मुलाने आपल्या आईशी बोलण्याचे आहे.

निशिगंध (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांनी तुमची उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मोड आणायला मटकी भिजत घातली. खजुरांचा डबा मात्र दिवाळीनंतर उघडू म्हणून वर ठेवला आहे. लोह आणि कॅल्शियम मी दोन्ही रात्री एकदमच घेत होते, हे कोणी सांगितले नसते तर तसेच चालू राहिले असते. बोरिवलीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ऑफिसात वेळ बदलून मिळण्याचा अर्ज लिहिला आहे.

माझ्या पोटावर खाज आहे, तळहात-तळपायांना नाही, तरी आता लक्ष ठेवीन. सिस्टर, चिपळूणबद्दल तुमचे मत हवे आहे. आईचे मन मोडवत नाही, पण आताची तब्येत बघता जावे की नाही हे कळत नाही.

परळची_सिस्टर

माहेरी जाणे वाईट नाही. मी स्वतः दोन्ही बाळंतपणांना गेले होते. परंतु तेव्हा मला ना रक्तक्षय होता ना साखर. तुझी साखर पुढचे तीन महिने सतत बघावी लागेल, बाळाची वाढ सोनोग्राफीने तपासावी लागेल, कदाचित इन्सुलिन सुरू करावे लागेल, आणि हे सगळे ज्या डॉक्टरांनी सुरुवातीपासून पाहिले आहे त्यांच्याकडेच होणे सुरक्षित. ऐन आठव्या महिन्यात नव्या ठिकाणी नाव घातले की तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

तरीही जायचेच ठरले, तर जाण्याआधी आईला तिथल्या रुग्णालयात चौकशी करायला सांग: रात्री-बेरात्री सिझेरियन होते का, भूल देणारे डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर किती वेळात येतात, रक्त कुठून आणावे लागते, आणि नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग तिथे आहे की दुसऱ्या गावी न्यावे लागते. या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि तुझ्या डॉक्टर हो म्हणत असतील तर पूर्ण फाइल घेऊन जा. नाहीतर ओटीभरण मुलुंडलाच कर आणि सप्टेंबर संपण्याआधी आईलाच तुझ्याकडे राहायला बोलाव. आईशी हे बोलताना साखरेचा कागद तिच्या हातात दे, म्हणजे लेकीला यायचे नाही असा तिचा समज होणार नाही. आणि साखरेच्या पुढच्या तपासणीचा आकडा आला की इथे कळव.